तुम्ही विचारलंत म्हणून: हे लायब्ररीचं काम आहे का?

परवा आमच्या सोसायटीतल्या वहिनींनी परत तेच विचारलं, "लायब्ररीत पुस्तकं द्यायची सोडून लोकांचे सरकारी कागद काय बघत बसता तुम्ही?" घरचे विचारतात, आमच्या कमिटीतले एकदोघं पण विचारतात. म्हणून एकदा सगळं नीट सांगते.

मी कळव्याच्या एका छोट्या शासनमान्य वाचनालयात काउंटरवर असते, चौदा वर्षं झाली. संध्याकाळी कादंबऱ्या, दिवाळी अंक, स्पर्धा परीक्षेची पोरं, हे चालूच असतं, पण रोज एकदोन माणसं अशी येतात ज्यांना पुस्तक नकोच असतं.

गेल्या पावसाळ्यात विटाव्याच्या एक ताई आल्या, छत्री निथळतेय, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. "संजय गांधी निराधारचा फॉर्म इथे मिळेल का?" दोनदा एका सरकारी ऑफिसात जाऊन आल्या होत्या, दोन्ही वेळा कामावरची खाडं झाली, एकदा खिडकीवरून परत पाठवलं आणि दुसऱ्यांदा बाहेरच्या एजंटने पैसे सांगितले. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, कोणासाठी हवाय? तर आईसाठी. आईचं वय किती? अडुसष्ट. अहो, मग संजय गांधी नाही, श्रावणबाळ बघायचं! दोन्ही दरमहा आर्थिक मदत देणाऱ्या सरकारी योजना, पण संजय गांधी निराधार योजना पासष्टच्या आतल्यांसाठी आहे, पासष्ट झाली की श्रावणबाळ योजना. इतक्या जणांनी त्यांना फॉर्म आहे-नाही सांगितलं, पण आईचं वय कोणीच विचारलं नव्हतं. मी योजनेचं नाव, लागणारे कागद आणि अर्ज कुठे द्यायचा ते मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून दिलं, वयाचा आणि उत्पन्नाचा दाखला आधी काढा म्हटलं, वीस मिनिटं गेली असतील.

आता हे काम कोणाचं ते सांगा. मी ग्रंथपालनाचा सर्टिफिकेट कोर्स केला तेव्हा पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची पाच सूत्रं पाठ केली होती, १९३१ सालची, त्यातलं चौथं म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. तेव्हा मला वाटलं कपाटं नीट लावली की झालं. पण माणूस काउंटरवर जे मागतो आणि त्याला खरं जे हवं असतं त्यात बऱ्याचदा फरक असतो, आणि तो शोधायला दोन-चार प्रश्न विचारावे लागतात, घाई न करता, समोरच्याला लाज वाटणार नाही असे. सातबारा मागणाऱ्याला प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे शहरातल्या जागेचा उतारा, हवं असतं, सोसायटीच्या उपविधींचं, म्हणजे नियमांचं, पुस्तक मागणाऱ्या सेक्रेटरींचं खरं दुखणं डीम्ड कन्व्हेयन्स असतं, म्हणजे बिल्डर जमीन सोसायटीच्या नावावर करून देत नाही तेव्हा ती सरकारकडून करून घेणं. मोबाईलवर सगळं आहे हे मला मान्य आहे, पण मोबाईलला प्रश्नच चुकीचा विचारला तर तो उलटून आईचं वय नाही विचारत.

एक मर्यादा मात्र मी कडक पाळते. फॉर्म मी भरत नाही, ओटीपी विचारत नाही, कोणाच्या आधारची झेरॉक्स ठेवून घेत नाही. माहिती द्यायची, योग्य दार दाखवायचं, पुढे त्यांचं ते.

आणि हे मी मनाने काढलेलं नाही. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा सगळ्यांना अर्ज करण्यापुरताच माहीत असतो, पण त्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक सरकारी ऑफिसने कोणी मागायच्या आधीच स्वतःहून काय काय जाहीर करायचं ते दिलंय, सतरा मुद्दे म्हणतात ते, आणि त्यातच लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनालय चालवत असाल तर त्याच्या वेळा जाहीर करा असंही आहे. म्हणजे माहिती मिळायची जागा म्हणून कायद्याने वाचनालयाचं नाव घेतलंय! पुढे असंही म्हटलंय की माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात जी पद्धत सगळ्यात चांगली चालेल त्या पद्धतीने पोचवा. कळव्यात ती पद्धत कुठली असेल? मला तरी वाटतं स्टेशनवरून घरी जाताना वाटेत लागणारं, पंखा आणि बाकडं असलेलं वाचनालय.

आपल्या ठाण्याने तर हे फार आधी ओळखलं होतं. मराठी ग्रंथसंग्रहालय इथे १८९३ मध्ये उभं राहिलं, विनायक लक्ष्मण भाव्यांसारखी माणसं त्यामागे होती. सरकारने १८८२ साली छापलेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, घ्या, गावं, बंदरं, मिठागरं सगळं त्यात, आणि २०१४ मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला तरी तिकडची जुनी माहिती शोधायला आजही हेच ठाण्याचं गॅझेटियर उघडावं लागतं. सरकारचा कागद आणि वाचनालय हे नातं जुनं आहे, मध्ये ते सैल पडलं एवढंच. राज्यात १० हजारांपेक्षा जास्त शासनमान्य वाचनालयं आहेत, १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी. विकास आराखड्याच्या हरकतींची नोटीस, पाणी बंदचं वेळापत्रक, मतदार यादीची मोहीम, यातलं एकेक पान जरी आमच्याकडे मुदत संपायच्या आत आलं तरी केवढं काम होईल! पण सरकारदरबारी आमच्या वाचनालयाचा वर्ग, म्हणजे दर्जा, ठरतो पुस्तकं किती, सभासद किती, अंक किती यावर, आणि त्या विटाव्याच्या ताई सभासद नाहीत, त्यामुळे त्या कुठेच मोजल्या जात नाहीत. हे मला खरंच लागतं.

म्हणून मी एक वही ठेवलीय. नाव नाही, फोन नाही, फक्त तारीख आणि काय विचारलं. जूनमध्ये पानंच्या पानं उत्पन्न आणि डोमिसाईलच्या दाखल्यांची. मागच्या वर्षी त्या वहीची दोन पानं टाईप करून एका ऑफिसात दिली, म्हटलं लोक कुठे अडतात ते तुम्हाला आयतं कळेल. ठेवून जा म्हणाले. पुढे काही झालं नाही. यंदाही देणार आहे.

तोवर दाराजवळच्या फळ्यावर मी स्वतःच लिहिते, आठवड्यातून एकदा नोटिसा उतरवून आणून, शेवटची तारीख लाल खडूने. वहिनी, एकदा येऊन बघा, साडेसातनंतर गर्दी कमी असते.