सातावरचा लाल गोल

शनिवारी मी माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पाच्या वहीत ७ या आकड्याभोवती लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'पुन्हा तपास'. सोमवारी पहिल्या तासाआधीच ती स्टाफरूमच्या दारात उभी. गिरणाकाठच्या गावाहून पहिली एसटी धरून आलेली. हातात वही, वहीत खोचलेले सहा-सात पाठकोरे कागद.

"मॅडम, सात बरोबर शे."

एरवी कॉलेजात ती प्रमाण मराठीच बोलते. अहिराणी निसटली तेव्हाच मी ओळखलं, रविवारी कापूस वेचून झाल्यावर पोरगी रात्री उशिरापर्यंत याच्याच मागे होती.

मी चाळीसगावात एम.एस्सी.ला गणित शिकवते. तिच्या प्रकल्पाला दिलेला वक्र अगदी साधा होता: य चा वर्ग बरोबर क्ष चा घन. कागदावर काढला तर शून्यापाशी त्याला काट्यासारखं टोक येतं. बाकी सगळीकडे वक्र गुळगुळीत, त्या एका बिंदूवर मात्र नेहमीचं कलन हात टेकतं. दोन्ही अंशिक विकलक शून्य होतात, त्यामुळे टोक किती वाईट आहे ते त्यांच्यावरून कळत नाही. हाच सिंग्युलर बिंदू. त्याची तीव्रता मोजायची एक रीत म्हणजे जेट.

जेट समजावताना मी कन्नडच्या घाटातली एसटी घेते. या क्षणी गाडी कुठे आहे, वेग किती, तो वेग कसा बदलतोय, त्या बदलातही काय बदल होतोय. अशा काही पायऱ्यांवर थांबलो तर जेट, न थांबता सगळी माहिती घेतली तर आर्क. पाचव्या पायरीचं जेट म्हणजे क्ष आणि य दोन्ही टी च्या, म्हणजे वेळेच्या, घातांत लिहायचे आणि पाचव्या घातापुढचं सगळं सोडून द्यायचं. अट एकच: जेवढ्या घातापर्यंत आपण बघतोय तेवढ्यापर्यंत गाडी वक्रावरून उतरता कामा नये. तात्कालिक गतीचा विचार भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत ग्रहांसाठी केला होता. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, आणि त्याची नोंद असलेला १२०७ चा शिलालेख आमच्याच तालुक्यातल्या पाटण्याचा. हे मी दरवर्षी सांगते, सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आता त्या ७ कडे येते. वक्राच्या गुळगुळीत भागावर पहिल्या पायरीच्या जेटना २ मिती लागतात, म्हणजे दोन आकडे मोकळेपणी निवडता येतात, दुसऱ्या पायरीला ३, आणि पुढे पायरीगणिक एकेक वाढते. तिला मी फक्त टोकावरून जाणारी जेट मोजायला सांगितली होती. एका बिंदूवरची जेट अख्ख्या वक्राच्या जेटपेक्षा कमीच असायला हवीत, असं कुणालाही वाटेल. तिने लिहिलं होतं: २, ३, ४, ५, ७. म्हणजे एकटं टोकच बाकीच्या वक्राच्या तोडीस तोड. इथपर्यंत मी मान्य केलं होतं, कारण पहिल्या चार पायऱ्या मी स्वतः केल्या होत्या. पाचवी केली नव्हती. २, ३, ४, ५ च्या पुढे ६ येणार असं गृहीत धरून मी लाल पेन उचलला होता.

तासाला मी तिच्याच हातात खडू दिला. क्ष चे सहा सहगुणक, य चे सहा, एकूण बारा. बिंदू शून्यावर, म्हणून पहिले दोन गेले. टी च्या पहिल्या घाताचे सहगुणक क्ष१ आणि य१, दुसऱ्याचे क्ष२ आणि य२, असे पुढे. टी चा वर्ग म्हणतो य१ शून्य. टी चा घन म्हणतो क्ष१ शून्य. टोकावर पोचताना गाडीचा वेग शून्य व्हावाच लागतो, आणि हे पहिल्या पायरीच्या जेटना माहीतच नसतं, त्यांना कुठलीही दिशा चालते. चौथा घात म्हणतो य२ शून्य. मग तिने पाचवा घात मांडला. डावीकडे दोन गुणिले य२ गुणिले य३, आणि य२ आधीच शून्य. उजवीकडे क्ष चा घन सहाव्या घातापासून सुरू होतो, म्हणून तिथेही शून्य. शून्य बरोबर शून्य. पाचवी अट नवीन काहीच मागत नाही. बारातून पाच गेले, उरले सात.

मी वर्गासमोर म्हटलं, चूक माझी होती. वही मागून घेतली आणि लाल गोलाशेजारी बरोबरची खूण केली.

पण ती थांबली नव्हती. सहावा घात तिने कुणी न सांगता मांडला, आणि फळ्यावर उमटलं: य३ चा वर्ग बरोबर क्ष२ चा घन.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "हे तर परत तेच समीकरण!" तेच होतं. टोकाच्या पोटात सहा पायऱ्या उतरलो की पुन्हा तोच वक्र. पुस्तकात मी हे वाचलेलं होतं. पण एका मुलीच्या खडूखालून ते उगवताना पहिल्यांदाच पाहत होते. अंगावर काटा आला.

उरलेल्या वेळात मी नेमलेला धडा बाजूला ठेवला. गणितज्ञ जॉन नॅशने १९६८ मध्ये आर्कवर एक निबंध लिहिला, तो छापून यायला १९९५ उजाडलं. सिंग्युलर बिंदूतून जाणाऱ्या आर्कची जितकी कुटुंबं, त्या प्रत्येकाला एक असे टाळता न येणारे घटक बिंदूची गाठ सोडवताना, म्हणजे तो गुळगुळीत करून घेताना, हाती येतात. मग या घटकांपैकी एकही न सुटता सगळे आर्कमधून मिळतात का, हा त्याचा प्रश्न. २००३ मध्ये इशी आणि कोलार यांनी चार मितींत उत्तर 'नाही' असं दाखवलं. पृष्ठभागांसाठी मात्र ते 'हो' आहे, हे बोबादिया आणि पे पेरेरा यांनी २०१२ मध्ये सिद्ध केलं. मुलं ऐकत होती, पण त्यांचे डोळे फळ्यावरच्या ७ वर होते, म्हणून मीही तिकडेच वळले.

बिंदूची तीव्रता आकड्यात सांगणारं गणितज्ञ मिर्चा मुस्तात्सा यांचं सूत्र आहे: जेटची मिती भागिले (पायरी अधिक एक). सगळ्या पायऱ्यांत हे गुणोत्तर जिथे सर्वांत मोठं, ते प्रतलाच्या २ मितींतून वजा करायचं. आमच्या टोकासाठी ते पाचव्या पायरीलाच मिळतं, ७ भागिले ६. दोनातून वजा केले की ५/६. गुळगुळीत वक्राला इथे पूर्ण १ मिळतो. टोक जितकं वाईट, तितका आकडा खाली. म्हणजे बिंदूची तीव्रता नेमकी त्याच ७ मध्ये होती, ज्याला मी चूक ठरवलं होतं.

"५/६ म्हणजे अर्धा अधिक एक तृतीयांश," ती हळूच म्हणाली. "वर्गातला दोन आणि घनातला तीन?"

मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, घनाऐवजी पाचवा घात घेतला तर? मी उत्तर दिलं नाही, घरी करून बघ म्हटलं. दुपारच्या गाडीची वेळ झाली होती.

रात्री कळण्याच्या भाकरी थापत होते, तेव्हा फोनवर तिचा निरोप आला: 'नवव्या पायरीला १३. गुळगुळीत असतं तर १० आले असते.' तवा उतरवला आणि वाणसामानाच्या यादीमागे मांडून पाहिलं. क्ष चे आठ मोकळे, य चे पाच. तेरा. दोन वजा १३/१० म्हणजे ७/१०, म्हणजे अर्धा अधिक एक पंचमांश.

या वेळी तिला 'बरोबर' असं कळवण्याआधी मी पहिल्या पायरीपासून नवव्यापर्यंत सगळं पुन्हा केलं.