शिसवाच्या फळ्यांपासून बारा तारांपर्यंत : आमची वाटचाल

बेळगावातील आमच्या पेढीचा मूळ धंदा लाकडाचा. आजोबांनी वखार घातली त्या काळी शिसव म्हटले की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर झोपाळा, पलंग किंवा देव्हारा यांपलीकडे काही येत नसे. दांडेलीच्या सरकारी डेपोतील लिलावाला जायचे, ओंडके पारखून बोली लावायची आणि वखारीत आणून चिरलेला माल सुतारांना विकायचा, एवढाच त्यांचा व्यवहार होता. वडिलांच्या हयातीत त्याच लाकडाला निराळे गिऱ्हाईक मिळाले. आज आमची पेढी गिटारच्या पाठी आणि कुशींसाठी फळ्यांच्या जोड्या चिरते, जुन्या अकूस्टिक गिटारी दुरुस्त करते आणि बारा तारांच्या मोजक्या गिटारी स्वतः घडवते.

हे निराळे गिऱ्हाईक येण्यामागे ब्राझीलमधील टंचाई होती. अमेरिकेतील उत्तम गिटारींची पाठ पूर्वी ब्राझीलच्या रोजवुडची, म्हणजे शिसवाच्याच जातकुळीतल्या झाडाची असे. रुंद फळ्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ गावच्या मार्टिन कंपनीने 1965 मध्ये डी-35 हे तीन तुकड्यांच्या पाठीचे मॉडेल काढले; पुढे ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणल्यावर 1969 मध्ये ही कंपनी आपल्याकडच्या शिसवाकडे वळली. इतर कारखानेही त्याच वाटेने गेले. सह्याद्रीत आणि त्याच्या दक्षिणेकडील रांगांत वाढणारा शिसव अशा रीतीने जगभरच्या गिटारींत पोहोचला, आणि ओंडका परदेशी पाठवण्यास बंदी असल्यामुळे चिरकाम इथल्या वखारींना मिळाले.

फर्निचरची फळी आणि गिटारची फळी यांत मोठे अंतर आहे, हे वडिलांना पहिल्याच मागणीत उमगले. सुताराला जाडी आणि लांबी हवी असते. गिटारसाठी मात्र ओंडका गाभ्यापासून सालीच्या दिशेने असा चिरावा लागतो की फळीवरच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ आणि पृष्ठभागाला काटकोनात उभ्या उतराव्यात. तसे न झाल्यास दमट हवेत फळी वाकते आणि कोरड्या हवेत तिला तडा जातो. एकावर एक निघालेल्या दोन फळ्या पुस्तकासारख्या उलगडून मध्ये सांधल्या, की पाठीच्या दोन्ही अंगांची नक्षी जुळते. म्हणून जोडी फुटू न देणे हा वखारीतील पहिला नियम झाला. प्रत्येक फळी साधारण 4 मिलिमीटर जाडीची काढून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत वाळवत ठेवावी लागते, आणि कारागीर ती पुढे अडीच मिलिमीटरच्या आसपास आणतो. भोके, साल, वाकडी रेष आणि पांढरे लाकूड वजा जाता मोठ्या ओंडक्यातूनही चांगल्या जोड्या थोड्याच निघतात. राहिलेल्या लाकडाचे काय करायचे, हा प्रश्न आम्हाला आजही पुरता सुटलेला नाही. त्यातले काही मिरजेकडच्या तंतुवाद्य कारागिरांना बारीक कामासाठी जाते, बाकीच्याचे पाट आणि पेट्या होतात.

मी पेढीत आलो तो चिरकामासाठी नव्हे, तर दुरुस्तीच्या हौसेमुळे, आणि त्या हौसेने मला बारा तारांकडे नेले. या गिटारीत तारांच्या सहा जोड्या असतात. खालच्या चार जोड्यांत एक तार मूळ स्वराची आणि दुसरी वरच्या सप्तकाची, तर उरलेल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच स्वराच्या. सहा तारांच्या गिटारीवर नेहमीच्या तारांचा ताण सुमारे 75 किलो असतो. बारा तारांच्या गिटारीवर तो 110 किलोंच्या पुढे जातो. हा भार रात्रंदिवस सोसणारी वरची फळी फार तर तीन मिलिमीटर जाडीची. ती जाड केली तर आवाज कोंडतो, पातळ केली तर घोडीमागे (तारा अडकवण्याच्या पट्टीमागे) पोट सुटते. बारा तारांच्या गिटारीची सारी कारागिरी या दोन टोकांमध्ये सामावलेली आहे, असे माझे मत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्सी सिटीच्या ऑस्कर श्मिट कारखान्यातील स्टेला गिटारी लेड बेलीसारखे वादक बऱ्याच खालच्या स्वरात लावत, त्यामागे आवाजाचा भारदस्तपणा होता तसा ताणाचा हिशेबही होता.

आमच्या कामाला वळण दिले ते पुण्यातील एका संग्राहकाने दुरुस्तीसाठी आणलेल्या टेलर कंपनीच्या लिओ कॉटकी मॉडेलने. कॅलिफोर्नियातील बॉब टेलर आणि कर्ट लिस्टग यांनी 1974 मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने बारा तारांचे अमेरिकी वादक कॉटकी यांच्या नावाने 1990 मध्ये ही गिटार बाजारात आणली. संग्राहकाच्या कपाटातील वस्तू म्हटल्यावर शिंपल्यांची नक्षी आणि दुर्मीळ रोजवुड अपेक्षित असते; इथे सजावट अगदी बेताची, वरची फळी सिटका स्प्रूसची आणि पाठ व कुशी महोगनीच्या. शिसव विकणाऱ्या घरातल्या माणसाला हे पचायला थोडा वेळ लागला.

कारण मात्र लाकडातच आहे. शिसव जड आणि कठीण. त्याच्या फळीवर बोटाने टिचकी मारली तर नाद बराच वेळ घुमत राहतो, आणि सहा तारांना ही घुमक शोभून दिसते. बारा तारांत वरच्या सप्तकाच्या तारा आधीच उपस्वरांची गर्दी करतात. त्यात पाठही घुमू लागली, तर बोटांनी जलद वाजवलेले स्वर एकमेकांत मिसळतात. महोगनी हलकी असते, नाद लवकर आवरते आणि मूळ स्वर पुढे आणते. शिवाय ही गिटार नेहमीच्या स्वराऐवजी तीन अर्धस्वर खाली लावण्याच्या हिशेबाने बांधलेली आहे. तारा त्याच ठेवल्या तर तेवढ्याने ताण जवळजवळ तीस टक्के कमी होतो. म्हणजेच जाड तारा चढवण्यास वाव मिळतो, आणि खर्ज पोकळ न वाटता भरीव वाटतो.

तरीही शिसवावर बारा तारा शोभत नाहीत, असे मी म्हणणार नाही. गिल्ड कंपनीची शिसवी पाठीची एफ-512 ज्याने ऐकली आहे, तो हे मान्य करणार नाही. सगळ्या तारा एकदम छेडून गाण्याला साथ करायची असेल तर शिसवाचा भरणा हवाहवासा वाटतो; एकेक स्वर बोटाने वेचायचा असेल तर महोगनी बरी. गिऱ्हाईक लाकूड निवडू लागले की आम्ही आधी त्याला वाजवायला बसवतो, मग भाव सांगतो. आमच्या स्वतःच्या गिटारी दोन अर्धस्वर खाली लावण्यासाठीच बांधलेल्या असतात, आणि ज्याला नेहमीचा स्वर हवा त्याने दुसऱ्या घरावर कापो (सगळ्या तारा एकदम दाबून स्वर चढवणारा चिमटा) लावावा, असे आम्ही पावतीवरच लिहून देतो.

व्यवसायाला सर्वांत मोठा धक्का 2 जानेवारी 2017 रोजी बसला. त्या दिवसापासून शिसव ज्यात मोडतो त्या डाल्बर्जिया प्रजातीतील जवळपास सगळी झाडे साइट्स या दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. (ब्राझीलचे रोजवुड 1992 पासूनच पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणून त्या लाकडाची जुनी गिटार सीमेपार नेणे संग्राहकांना अवघड जाते.) परदेशी मागण्या थंडावल्या, कारण प्रत्येक जोडीबरोबर कागदपत्रांचे बाड जाऊ लागले. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना आणि त्यांच्या सुट्या भागांना सूट मिळाली, पण चिरलेल्या फळीला ती मिळाली नाही. फळी विकण्यापेक्षा वाद्य विकावे, हा आमचा निर्णय त्या काळात पक्का झाला. नियम जाचक आहेत अशी तक्रार आमच्या धंद्यात नेहमी ऐकू येते. लिलावात चांगल्या घेराचे ओंडके किती विरळ झाले आहेत हे पाहणाऱ्याने ती जरा जपून करावी.

संग्रहातील गिटारींच्या दुरुस्तीत आमचे धोरण ठरलेले आहे. मूळ पॉलिश उतरवायचे नाही, घोडी आणि तिच्या आतली पट्टी शक्य तोवर बदलायची नाही, आतल्या लेबलाला हात लावायचा नाही आणि जे काढले ते पाकिटात घालून मालकाला परत द्यायचे. बेळगावच्या पावसाळ्यात वरची फळी ओल धरून फुगते आणि तारा पडद्यांपासून उचलल्या जातात. तेवढ्यावरून नेक (गिटारीची मान) काढून पुन्हा बसवण्याची घाई अनेक जण करतात. आम्ही गिटार आधी 45 ते 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीत काही आठवडे ठेवतो, आणि त्यातल्या बऱ्याच गिटारींना पुढे सॅडल (घोडीवरची, तारा टेकतात ती बारीक पट्टी) थोडे घासण्यापलीकडे काही लागत नाही.

सध्या वखारीत वडिलांच्या वेळच्या वाळलेल्या शिसवी जोड्या आहेत आणि फिजीच्या लागवडीतील महोगनी मागवण्याची बोलणी चालू आहेत. घोडी आणि पडद्यांच्या पट्टीसाठी अगदी काळ्या एबनीचा (आबनूसाचा) हट्ट आम्ही सोडला असून पिंगट रेषांची एबनीही वापरतो. ती आवाजात कमी पडत नाही आणि एका झाडातून अधिक पट्ट्या निघतात. नवी मागणी पावसाळ्यानंतरच घेतली जाते.