गॅलरीची तारीख मिळेपर्यंत: माझा अनुभव

चित्रप्रदर्शनासाठी गॅलरीला अर्ज हातानं द्या नाहीतर स्पीड पोस्टनं पाठवा, पण पोच घ्या. शिक्का आणि तारीख असलेली. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण त्या एका कागदापायी माझी 2 वर्षं गेली.

नाशिकलाच डिप्लोमा झाला. पुढे शिकवण्या घेत गोदाघाटावर जलरंगात काम करत राहिले. जो घाट नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे सरांनी रंगवला, तिथे बसायचं तर हात रोज चालता लागतो. मनासारखी 25 चित्रं झाली तेव्हा सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईतल्या एका गॅलरीत गेले. फोटो, बायोडाटा, सर्टिफिकेटची झेरॉक्स काउंटरवर दिली. ‘समिती बसली की कळवू,’ म्हणाले. मी निघून आले.

पहिलं वर्ष गप्प बसले. मोठ्या गॅलऱ्यांत वर्षानुवर्षांची रांग असते, हे ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षी दर 1 तारखेला फोन लावू लागले आणि उत्तर वहीत लिहू लागले. ‘समिती बसली नाही.’ ‘साहेब रजेवर आहेत.’ ‘यादी वर गेलीय.’ अशा 11 नोंदी आहेत. बाराव्या महिन्यात स्वतः गेले. बाईंनी रजिस्टर उघडलं. बोट एकेका नावावरून खाली सरकत शेवटच्या ओळीला टेकलं. पान उलटलं, पुन्हा मागे आल्या. माझं नावच नव्हतं.

‘पोच आहे का?’

नव्हती.

‘मग नव्यानं अर्ज करा.’

तो राग अजून गेलेला नाही. त्या 2 वर्षांत मी चांगली चित्रं प्रदर्शनासाठी म्हणून राखून ठेवली होती, घरी आलेल्या गिऱ्हाइकांना नाही म्हटलं होतं. तेव्हा चित्रं अडवून ठेवू नका. नीट फोटो काढा, विका, नवीन करा. आणि एकाच गॅलरीच्या भरवशावर राहू नका, 3-4 ठिकाणी अर्ज टाका.

दुसऱ्या अर्जानंतर दीड वर्षानं तारीख आली ती जुलैची. जलरंगाला पावसाळा वाईट, कागद ओल ओढतो आणि फ्रेमच्या आत लाटा धरतो. 300 जीएसएमचा जाड कॉटन पेपर, फ्रेमची मागची बाजू टेपनं पूर्ण बंद, काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक शीट, एवढं केलं म्हणून कसारा घाटातून टेम्पोनं नेताना एकही चित्र बिघडलं नाही.

त्या आठवड्यात नाशिकजवळच्या, गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं. मुंबईतही पाऊस होता, माणसं तुरळक. एक आजी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या चित्रापुढे बराच वेळ थांबल्या. या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं, त्यावरून नाशिककर पूर मोजतात. पूर्ण शीटचं, 22 बाय 30 इंचांचं चित्र होतं ते. मग वळून म्हणाल्या, ‘आज पाणी कुठवर आलंय गं?’ सकाळीच घरी फोन झाला होता. ‘छातीला लागलंय,’ मी म्हटलं. त्यांचं माहेर पंचवटीतलं होतं. त्यांनी ते चित्र घेतलं.

चित्रामागे नाव, माप, वर्ष आणि किंमत आधीच लिहिली होती, म्हणून बिल लगेच झालं. तेही घरूनच लिहून न्या.