बिनखात्याचे मंत्री आणि ४३ चा आकडा

नागपूरला राहणाऱ्या माणसाला हिवाळी अधिवेशन म्हणजे काय तर ट्रॅफिक. दरवर्षी डिसेंबरात सिव्हिल लाईन्सकडचे रस्ते अडवलेले असतात, रविभवनला रंग मारलेला असतो, आणि ज्याची कधी ओळखही नव्हती असा एखादा मित्र फोन करून विचारतो की पास मिळतो का बे. पण २०२४ चा डिसेंबर वेगळा होता, कारण त्या वर्षी अख्खं मंत्रिमंडळच आमच्या इथे जन्माला आलं. १५ डिसेंबर, रविवार, राजभवनाच्या हिरवळीवर ३९ जणांनी शपथ घेतली. ३३ कॅबिनेट, ६ राज्यमंत्री.

आमच्या बाबांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण निवडणुकीचे आकडे एका जुन्या डायरीत लिहायची सवय काही सुटलेली नाही. टीव्हीवर एकेक नाव पुकारलं जात होतं आणि हे पेन घेऊन बसलेले. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजितदादांची राष्ट्रवादी ४१, हे निकालाच्याच दिवशी लिहून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, बाबा, २८८ मध्ये एवढे आमदार एकाच बाजूला, आता काय भांडण उरलं? तर म्हणाले, "अबे, भांडण तर आता सुरू होते. आमदार सव्वादोनशेच्या वर अन् खुर्च्या ४३."

हा ४३ चा आकडा कुठून येतो ते बऱ्याच लोकांना माहीत नसतं, मलाही नव्हतं. २००३ मध्ये ९१ वी घटनादुरुस्ती झाली, तिच्यानुसार मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. २८८ चे १५ टक्के म्हणजे ४३.२, म्हणजे ४३. त्याआधी अशी मर्यादाच नव्हती, १९९७ ला उत्तर प्रदेशात कल्याणसिंहांनी ९३ मंत्री केले होते, जो येईल तो मंत्री! तेव्हा आघाडी सांभाळणं महाग होतं पण सोपं होतं. आता जागा मोजून, म्हणून मग खुर्ची नाही दिली तर काय द्यायचं याचे नवनवे शोध लागले. अडीच अडीच वर्षं वाटून घ्या, महामंडळ घ्या, पालकमंत्रिपद घ्या. शपथविधीच्याच दिवशी अजितदादांनी नागपुरातल्या सभेत सांगून टाकलं की काहींना अडीच वर्षांनी संधी मिळेल. म्हणजे नवीन मंत्र्याच्या गळ्यात हार पडायच्या आधीच त्याची मुदत चर्चेत.

तर हिशोब असा झाला. ५ डिसेंबरला आझाद मैदानावर फडणवीस, शिंदे आणि अजित पवार या तिघांचीच शपथ झाली होती (उपमुख्यमंत्री हे पद घटनेत नाहीच, तिथेही शपथ मंत्री म्हणूनच असते, तरी आपल्याकडे ते पद द्यायचं की नाही यावरून सरकारं अडतात). त्यात १५ तारखेचे ३९ मिळवले की ४२, एक जागा रिकामी ठेवलेली. भाजप २०, सेना १२, राष्ट्रवादी १०. बाबांनी लगेच भागाकार केला, भाजपला साडेसहा आमदारांमागे एक मंत्री, सेनेला पावणेपाचमागे एक आणि राष्ट्रवादीला चारमागे एक. छोट्या भावाला भाव जास्त. आणि ज्या सरकारमध्ये एकट्या भाजपला बहुमतासाठी फक्त १३ कमी होते तिथे हा भाव, मग घासून बहुमत असेल तेव्हा काय होत असेल विचार करा.

मला खरी गंमत पुढे वाटली. १६ तारखेला अधिवेशन सुरू झालं, शनिवारी २१ ला संपलं, आणि खातेवाटप जाहीर झालं ते २१ च्या रात्री. म्हणजे पूर्ण आठवडाभर सभागृहात मंत्री बसले होते पण कोण कशाचा मंत्री हे कोणालाच माहीत नव्हतं. प्रश्न विचारायचा तर कोणाला, उत्तर द्यायचं तर कोणी. आमच्या पोह्याच्या टपरीवर एक गृहस्थ तर्री ओतून घेता घेता म्हणाले, बिनभांड्याचा कुकर आहे हा, शिट्ट्या ऐकू येतात पण आत काय शिजते माहीत नाही. नंतर गृह फडणवीसांकडे, नगरविकास आणि गृहनिर्माण शिंदेंकडे, अर्थ अजितदादांकडे आणि महसूल आमच्या बावनकुळेंकडे. गृहखात्यासाठी शिंदे अडून बसल्याच्या बातम्या किती दिवस वाचत होतो, शेवटी जिथे होतं तिथेच.

जिल्ह्यांचं वाटप बघा म्हणजे डोकं गरगरेल. साताऱ्याला चार कॅबिनेट मंत्री, शंभूराज देसाई, शिवेंद्रराजे, जयकुमार गोरे, मकरंद पाटील, आणि शिंदेंचं दरे गाव धरलं तर काय बोलायचंच नाही. यवतमाळला तीन. आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीला शून्य. मुनगंटीवारांसारखा अर्थमंत्री राहिलेला माणूस बाहेर. भंडाऱ्याच्या भोंडेकरांनी तर सेनेच्या उपनेतेपदाचा राजीनामाच दिला. अख्ख्या ४२ मध्ये बाया चार, त्यातल्या दोन राज्यमंत्री. लाडक्या बहिणींनी सरकार आणलं असं सगळेच म्हणत होते, मग हे चार बघून आई जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळ्यांत जास्त चर्चा मात्र अजितदादांच्या राष्ट्रवादीतल्या छगन भुजबळांची. बाबा म्हणाले नागपुरात याआधी मंत्र्याची शपथ झाली होती ती १९९१ च्या डिसेंबरात, आणि तेव्हा शपथ घेणारे होते भुजबळ! शिवसेना सोडून आले होते, मुख्यमंत्री पुसदचे सुधाकरराव नाईक. ३३ वर्षांनी पुन्हा नागपूर, पुन्हा शपथविधी, पुसदच्या त्याच नाईक घराण्यातले इंद्रनील नाईक राज्यमंत्री झाले आणि भुजबळांचं नाव यादीतच नाही. ते नाराज होऊन नाशिकला निघून गेले. तिकडे सेनेच्या भरत गोगावलेंनी मंत्री होऊ या आशेने मागच्या सरकारच्या वेळी शिवून ठेवलेला कोट शेवटी एकदाचा घातला. हे पण बघा, एकाचा कोट अडीच वर्षं कपाटात आणि दुसऱ्याला आयुष्यभराचा अनुभव असून घरी जा.

वाटलं आता तरी संपलं. तर जानेवारीत पालकमंत्री. १८ जानेवारीला यादी आली, रायगड अदिती तटकरेंना आणि नाशिक गिरीश महाजनांना, आणि दुसऱ्याच दिवशी दोन्हीला स्थगिती कारण सेनेची नाराजी. रायगडला गोगावले, नाशिकला दादा भुसे इच्छुक. जिल्ह्याच्या नियोजनाचा पैसा पालकमंत्र्याच्या हातून जातो, १५ ऑगस्टला झेंडा तो लावतो, म्हणून हे पद मंत्रिपदापेक्षा कमी नाही हे मला तेव्हा कळलं. गडचिरोली मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडेच ठेवलं, ते मला आवडलं होतं, खरं सांगतो.

मग मार्चमध्ये राष्ट्रवादीचेच मंत्री धनंजय मुंडेंचा राजीनामा झाला आणि २० मे २०२५ ला मुंबईच्या राजभवनात भुजबळांनी शपथ घेतली, खातं अन्न व नागरी पुरवठा. मी बाबांना उत्साहात सांगायला गेलो तर त्यांची डायरी आधीच उघडी. मुंडेंच्या नावावर एक रेघ, बाजूला भुजबळ, आणि खाली बेरीज: ४२. तिच्या पुढे पेन्सिलीने, खोडता येईल असं, १ बाकी.