उसातला बिबट्या, नकाशातला ऊस

मंगळवार, रात्री

गळ्यातली जीपीएस कॉलर एवढंच सांगते की बिबट्या इथे होता. ती जागा त्याने निवडली का, हे कळायला तो आणखी कुठे जाऊ शकला असता ते आपल्याला ठरवावं लागतं, आणि घोळ होतो तो तिथेच. अख्ख्या तालुक्यावर रँडम बिंदू शिंपडले की दोन नोंदींमधल्या दोन तासांत गाठताच येणार नाही असा डोंगरही ‘उपलब्ध’ ठरतो. त्यापेक्षा स्टेप सिलेक्शन बरं: टाकलेलं पाऊल टाकता आलं असतं अशा पावलांशी ताडायचं. पाऊल म्हणजे एका नोंदीपासून पुढच्या नोंदीपर्यंतची सरळ रेघ. प्रत्येक खऱ्या पावलामागे, त्याच जागेवरून निघणारी २० खोटी पावलं: लांबी गॅमा वितरणातून, वळणाचा कोन फॉन मिझेस या कोनांसाठीच्या वितरणातून. मग कंडिशनल लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे प्रत्येक खऱ्या पावलाची तुलना फक्त त्याच्याच खोट्या पावलांशी. त्यात लांबी, लांबीचा लॉग आणि कोनाचा कोसाइन ठेवायचेच; ती वितरणं आधीच निवड झालेल्या पावलांवरून काढलेली असतात, तो कल यांनी सुधारतो.

कॉलरची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. साडेपाच तास मिळवायचे राहिले की रात्री साडेदहाची नोंद संध्याकाळी पाचची होते आणि बिबट्या भर उजेडात वस्तीपाशी हिंडू लागतो! मीटर मोजण्याआधी सगळं यूटीएम ४३ उत्तर या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीत आणायचं. नोंदी दर दोन तासांनी, सूट १५ मिनिटांची. मधली हुकली तर साखळी तिथेच तोडायची. हुकतातही नेमक्या घळीत, कपारीत, दाट झाडोऱ्यात. म्हणजे जिथे तो दडतो तीच जागा डेटात कमी दिसते.

आणि ऊस. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं, मार्च-एप्रिलपर्यंत फड रिकामे होत जातात. नकाशात मात्र तो चौकोन बारा महिने हिरवाच. तोडलेल्या फडातली खोटी पावलंही ‘ऊस’ म्हणून मोजली जातात आणि उसाचा गुणांक, म्हणजे मॉडेलने काढलेलं उसाच्या ओढीचं माप, शून्याकडे घसरतो. बिबट्याला उसाचं काही नाही, असं लिहून मोकळं होण्याआधी नकाशातल्या उसाच्या थराची तारीख बघावी. सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटरची चित्रं दर पाच दिवसांनी मिळतात. तोडणीच्या दिवसांत ढगही कमी. पावलाच्या तारखेचा थर पावलाच्या शेवटच्या टोकाशी वाचायचा.

गुणांक ०.६९ आला तर तो ६९ टक्के नव्हे; तो लॉगमध्ये असतो, आणि e चा ०.६९ वा घात सुमारे २. बाकी सगळं सारखं असताना उसातली जागा निवडण्याची शक्यता उघड्या जागेच्या दुप्पट, एवढाच त्याचा अर्थ.

पाच बिबट्यांच्या नोंदी एकत्र ओतल्या की सर्वांत जास्त दिवस चाललेल्या कॉलरचंच म्हणणं ऐकू येतं. आधी प्रत्येकाचं मॉडेल वेगळं, मग रँडम स्लोप, म्हणजे एकाच मॉडेलमध्ये प्रत्येक बिबट्याला स्वतःचा गुणांक.