नुसते बोलल्याबद्दल दावा?

मुद्रिते आज परत आली. एकशे बाराव्या पानावर माझ्या 'गुन्हेगारी संभाषण' या शब्दांखाली नागमोडी रेघ होती आणि समासात पेन्सिलीने, मुद्दाम फिकट, लिहिले होते : 'ताई, नुसते बोलल्याबद्दल दावा?' तीस वर्षे भाषांतरे करून हे पदरी पडावे! लाल शाईने खोडले असते तर एवढे लागले नसते. मला सांभाळून घेण्यासाठी दाबून धरलेला तो हातच दिवसभर टोचत राहिला.

चूक ढोबळ आहे. जुन्या इंग्रजीत 'कॉन्व्हर्सेशन' म्हणजे एकत्र वावर, सहवास आणि त्याच ओघात शरीरसंबंधही. 'क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन' म्हणजे नवऱ्याने बायकोच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागण्यासाठी लावलेला दावा, तोही दिवाणी. म्हणजे दोन्ही शब्द फसवेच. इंग्लंडमध्ये तो १८५७ मध्ये रद्द झाला. जॉर्ज नॉर्टनने १८३६ मध्ये पंतप्रधान लॉर्ड मेलबर्नवर असाच दावा लावला आणि ज्युरीने जागचे न उठता तो फेटाळला, हे सगळे मी बिनचूक उतरवले होते. जॉर्जची बायको कॅरोलाइन नॉर्टन त्यात पक्षकार नव्हती, तिला साक्षही देता आली नाही. दाव्याचे नाव संभाषण, आणि जिच्यावरून तो चालला तिलाच बोलण्याची सोय नाही, हे लिहिताना तरी माझा हात थबकायला हवा होता.

घरी सांगावे म्हटले, तर जेवताना टीव्ही चालू होता. असो.

वर्तमानपत्रात 'दोघांचे संबंध होते' असे वाचताना मला कधी कोश उघडावा लागला? आपला 'सहवास' तर त्या इंग्रजी शब्दाचा सख्खा भाऊ शोभावा. आजी 'तिचं त्याच्याशी आहे' एवढेच म्हणायची, काय आहे ते कधीच सांगायची नाही, आणि फ्रॉक घालायच्या वयातही मला ते बरोबर कळायचे. आजीचे मराठी कळणारी मी कोर्टाच्या इंग्रजीपुढे मात्र इतकी सोवळी कशी झाले, याचे आता हसूच येते.

'व्यभिचाराच्या भरपाईचा दावा' असे दुरुस्त केले. अर्थ चोख बसला, पण शब्दाचा आडपडदा गेला, तो परत आणता आला नाही. समासातला प्रश्न खोडायला रबर घेतले होते, ते ठेवून दिले आणि खाली तितक्याच फिकट अक्षरांत लिहिले : 'नाही हो, नुसते नव्हे.'