पुणे ते इरुंगाट्टुकोट्टै: पोलो, ट्रॅक आणि साडेसहा हजारांचं ब्रेक फ्लुइड

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या रेस ट्रॅकवर तिसऱ्या लॅपला ब्रेकचं पेडल खाली टेकलं. मुख्य स्ट्रेट (सरळ पट्टा) संपत आलेली, काटा दीडशेच्या आसपास, समोर उजवं वळण. दुसऱ्यांदा पाय मारला तेव्हा थोडा दाब मिळाला, तिसऱ्यांदा मारेपर्यंत गाडी मातीत होती. बाहेर मोकळी जागा होती म्हणून बंपरखालची जाळी तेवढी गेली. सोबतचा मित्र पिटमधून बघत होता. त्याला वाटलं, मी गाडी मुद्दाम वळणाबाहेर घेतली.

गाडी फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय, मॅन्युअल. कंपनीतून ११० पीएस ताकद आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क. पुण्यातल्या एका गॅरेजमधून (नाव घेत नाही) स्टेज वन (इंजिनची ताकद वाढवणारं सॉफ्टवेअर), ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि ट्रॅकचे ब्रेक पॅड असं सगळं करून घेतलं होतं. बिलात शेवटची ओळ: 'रेसिंग ब्रेक फ्लुइड, फ्लश व ब्लीडिंगसह, ₹६,५००'. म्हणजे पायाचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत नेणारं जुनं फ्लुइड काढून नवं भरलं आणि नळ्यांतली हवा काढली. मी ही ओळ वाचून खूश झालो होतो. म्हटलं, माणसाला कळतं.

पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत) शेजारच्या गाडीचा मेकॅनिक आपणहून आला. त्याला हिंदी येत नव्हतं, मला तमिळ. त्याने चाक काढलं आणि कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) ब्लीड निपलवरची, म्हणजे फ्लुइड जिथून बाहेर काढतात त्या तोंडावरची, रबरी टोपी बोटाने दाखवली. गेल्या पावसाळ्यातला चिखल तिच्यावर वाळून दगड झालेला. ती टोपी न काढता ब्लीडिंग कसं करतात, हे त्या गॅरेजवाल्याने एकदा मला शिकवावं. निपल उघडल्यावर नळीतून जे आलं ते गाळलेल्या चहाच्या रंगाचं, म्हणजे जुनंच होतं.

झालं काय ते सांगतो, कारण मलाही हे तिथेच नीट कळलं. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक प्रकार) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दर्जा आहे, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही मर्यादा १५५ वर येते. घाटात तेवढी उष्णता क्वचित होते, ट्रॅकवर दोन-तीन लॅपमध्ये होते. फ्लुइड उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय फ्लुइड ढकलायच्या ऐवजी बुडबुडे दाबत बसतो. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर फ्लुइड. दुसऱ्या प्रकारात भराभर दोन-तीनदा पंप करा आणि त्या सत्राचा नाद सोडा.

बंद बाटली मित्राच्या डिकीत निघाली, साधं चांगल्या कंपनीचं डॉट ४, सहाशे रुपयांचं. चारही चाकं पाऊण तासात झाली. त्या माणसाने पाचशे घेतले, तेही आग्रह केल्यावर. म्हणून निघण्याआधी फ्लुइड स्वतः उभं राहून बदलून घ्या. बाटलीचं सील समोर फोडायला लावा, जुनं निघालेलं बघायला मागा. डॉट ५.१ चालेल. नुसतं डॉट ५ कोणी टाकायला निघाला तर गाडीची चावी काढून घ्या, ते सिलिकॉनचं असतं, या गाड्यांसाठी नाही.

रस्त्याचं फार सांगत नाही. पुण्यापासून ट्रॅकच्या दारापर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४८ सोडायचा नाही, वळणं विचारायची गरज नाही. पण आम्ही गेलो तेव्हा कराड ते कागल रुंदीकरणाचं काम चालू होतं, आणि खाली बसवलेल्या गाडीने प्रत्येक डायव्हर्जनला पोट घासलं. पेठनाक्यापाशी तर मित्र उतरून पुढे चालत होता आणि हाताने खुणा करत होता. मूळ स्प्रिंगांवर या. ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर मिळणाऱ्या फायद्यासाठी अकराशेहून जास्त किलोमीटर कंबरडं मोडून घेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, आणि तो मी केला. कर्नाटक चांगलं गेलं.

ट्रॅकचे पॅड घरून लावून निघू नका. थंड असताना ते पकडतच नाहीत, हुबळीच्या अलीकडे एक ट्रक आडवा आला तेव्हा समजलं. पॅड आणि पाना डिकीत ठेवा, पॅडॉकमध्ये बदला. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट कसणारा पाना) न्या. पोलोच्या चाकांचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला कसायचे आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासायचे. थंड टायरमध्ये ३३ पीएसआय ठेवून उतरलो, आत आलो तेव्हा ३९. पुढच्या सत्राला २९ ने सुरुवात केली, गाडी शहाण्यासारखी वळली. ब्रेक गार व्हायला शेवटची लॅप ब्रेक न मारता सावकाश काढा. आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये टाका आणि चाकाखाली वीट लावा.

स्टेज वनचं विचाराल तर ट्रॅकवर ते मला कुठे जाणवलंच नाही. स्ट्रेटवर चार-पाच किलोमीटरचा वेग वाढला असेल. तेवढे पैसे टायरमध्ये घालायला हवे होते. शिवाय परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड कायद्यात आहे, आणि शर्यत किंवा वेगचाचणीत झालेलं नुकसान साध्या विम्यात बसत नाही. म्हणजे माझी जाळी माझ्याच खिशातून.

दुपारी साडेचारला शेवटचं सत्र मिळालं. नवं फ्लुइड, २९ पीएसआय, ऊन उतरलेलं. सलग सहा लॅप पेडल जिथल्या तिथे. हेल्मेटमध्ये मी ओरडत होतो. नशा अजून उतरलेली नाही, त्यामुळे माझा सल्ला जपूनच घ्या: कर्ज काढू नका, पण जा. हेल्मेट, सुती कपडे, बंद बूट आणि टोइंग हुक (अडकलेली गाडी ओढायचा) एवढं न्या. हुक बऱ्याच जणांचा घरीच राहतो.

परत आल्यावर बिल घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मालकाने बिल पाहिलं, गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, चेन्नईला उकाडा फार असतो हो."